मोजक्या बजेटमध्ये जुनी एक्झिक्युटिव्ह सेडान घेताना

प्रश्न असा आहे: "नव्या छोट्या हॅचबॅकच्या पैशात दहा-बारा वर्षांची बीएमडब्ल्यू ५ सीरीज, मर्सिडीज ई-क्लास, ऑडी ए६ किंवा टोयोटा कॅमरी मिळतेय. रोजचं ऑफिस आठ-दहा किलोमीटरवर आहे. महिन्यातून एक-दोनदा आई-वडिलांना घेऊन लांब जाणं होतं. यातली कोणती गाडी घेतली तर पुढची पाच वर्षं फारसा त्रास देणार नाही?"

थेट उत्तर आधी देतो. तुमचा वापर पाहता हायब्रिड कॅमरी शोधा, किंवा त्याच इंजिनाची लेक्सस ईएस ३००एच. तशी चांगली गाडी मिळालीच नाही तर होंडा अकॉर्ड २.४ पेट्रोल. जर्मन गाडीच हवी असेल तर तीही घेता येते, पण मग मॉडेलच्या नावावर जायचं नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सची नेमकी जोडी बघायची आणि बजेटचा निदान चौथा हिस्सा, शक्यतो तिसरा, हातात राखायचा. डिझेल तुमच्या कामाचं नाही. लोकांसाठी जुन्या गाड्या तपासून देणं हेच माझं काम आहे आणि या वर्गातल्या गाड्यांबद्दल सर्वांत जास्त निराशा मी ज्यांची पाहिली, त्यांनी गाडी वाईट निवडलेली नसते. त्यांनी सगळे पैसे गाडीच्या किमतीतच घातलेले असतात.

दहा वर्षांत मोठ्या गाडीची किंमत कोसळते, पण तिच्या सुट्या भागांची कोसळत नाही. हेडलाइटचं युनिट, एसीचा कंप्रेसर, एअर सस्पेन्शनचा स्ट्रट, गिअरबॉक्सचं मेकाट्रॉनिक (गिअर बदलणारं कंट्रोल युनिट) हे सगळं ती गाडी शोरूममध्ये होती तेव्हाच्या हिशेबानेच मिळतं. मजुरीही तशीच, कारण बोनेटखाली हात शिरायला जागा नसते आणि एक सील बदलायला अर्धं इंजिन उघडावं लागतं. म्हणून गाडी हॅचबॅकच्या भावात आली तरी देखभाल एक्झिक्युटिव्ह सेडानचीच पडते. हा हिशेब आधी मान्य असेल तरच पुढे जा.

याच हिशेबातून दुसरी गोष्ट निघते. पहिला मालक बहुधा कंपनीच्या वर्कशॉपमध्ये वेळेवर सर्व्हिसिंग करून घेतो. दुसरा बाहेरच्या चांगल्या गॅरेजला जातो. तिसऱ्याने गाडी स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली असते आणि मोठं काम निघालं की तो ते पुढे ढकलतो. तुमच्यापर्यंत गाडी येते ती ढकललेल्या कामांसकट. विक्रेते सर्व्हिस बुक दाखवतात, त्यात पहिल्या पाच वर्षांचे शिक्के ठसठशीत असतात. मला त्यांचं फारसं अप्रूप नाही. मी शेवटच्या तीन वर्षांची बिलं मागतो. त्यात फक्त ऑइल, फिल्टर आणि वॉशिंग असेल तर बुश, कूलंटचे होज, गिअरबॉक्सचं ऑइल ही सगळी कामं तुमच्यासाठीच शिल्लक आहेत असं समजा. उलट एखाद्याने नुकताच वॉटर पंप, पुढचे लोअर आर्म आणि चारही टायर बदलून पावत्या जपून ठेवल्या असतील, तर त्याच्या गाडीला थोडे जास्त पैसे मी आनंदाने द्यायला सांगतो, मग तिचं रनिंग जास्त का असेना. दीड लाख किलोमीटर हायवेवर चाललेली, बिलं असलेली गाडी ही साठ हजार किलोमीटर शहरात रखडलेल्या, कागद नसलेल्या गाडीपेक्षा केव्हाही बरी.

आता डिझेल का नको. नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो भरत आला की इंजिन जादा इंधन सोडून त्याचं तापमान साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत नेतं आणि काजळी जाळून टाकतं. त्याला सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगाने धावणं लागतं. आठ-दहा किलोमीटरच्या शहरी फेरीत ते दर वेळी अर्धवट सुटतं. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि टर्बोपासून टायमिंग चेनपर्यंत (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) सगळ्यांची झीज वाढते. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर दिसलं आणि त्याला डिझेलचा वास आला तर त्या गाडीचं हेच झालेलं आहे. महिन्यातल्या दोन लांबच्या फेऱ्यांनी हे भरून निघत नाही.

शिवाय या वर्गातल्या काही डिझेल इंजिनांचे ठरलेले आजार आहेत. बीएमडब्ल्यूच्या एन४७ इंजिनाची टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला, म्हणजे इंजिनाच्या मागे आहे. २००७ ते २०११ च्या सुमाराच्या इंजिनांत ती घासण्याच्या तक्रारी प्रसिद्ध आहेत आणि चेन बदलायची तर आधी गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं. २०१४ पासून त्याच्या जागी बी४७ आलं, ते या बाबतीत बरंच सुधारलेलं आहे. मर्सिडीजच्या ओएम६५१ मध्ये सुरुवातीच्या पिझो इंजेक्टरनी त्रास दिला, नंतर साधे सोलेनॉइड इंजेक्टर आले. व्ही६ डिझेल ओएम६४२ हे इंजिन म्हणून दणकट आहे, पण त्याचा ऑइल कूलर दोन सिलिंडर रांगांच्या मधल्या खोबणीत बसवलेला आहे आणि त्याची सीलं गळतात. सील अगदी किरकोळ किमतीचं, पण तिथपर्यंत पोचायला टर्बो आणि मॅनिफोल्ड उतरवावे लागतात. जग्वार एक्सएफच्या ३.० व्ही६ डिझेलमध्ये क्रँकशाफ्ट तुटण्याची जोखीम माहीत असलेली आहे. मोजक्या बजेटवाल्याने ती घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पेट्रोलमध्ये जर्मन गाड्या बघताना मला अजूनही बीएमडब्ल्यूचं एन५२ आवडतं. टर्बो नसलेलं, सहा सिलिंडर एका रांगेत, इंधन सिलिंडरमध्ये थेट न फवारता इनटेक पोर्टमध्ये फवारणारं. ५ सीरीजच्या ई६० पिढीच्या शेवटच्या वर्षांत आणि पुढच्या एफ१० पिढीच्या अगदी सुरुवातीला ते मिळतं, बाजारानुसार फरक आहे. त्याचे खर्च ठरलेले: इलेक्ट्रिक वॉटर पंप, व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट, ऑइल फिल्टर हाउसिंगचं गॅस्केट. पंप न सांगता बंद पडतो आणि इंजिन तापतं, म्हणून लाख-सव्वा लाख किलोमीटर झाले असतील आणि बदलल्याची पावती नसेल तर थर्मोस्टॅटसकट आधीच बदलून टाकायचा. त्यानंतर आलेल्या दोन लिटर टर्बो एन२० मध्ये टायमिंग चेनचे प्लॅस्टिकचे गाइड तुटण्याची तक्रार आहे. २०१५ च्या आसपास ते सुधारले. रेस वाढवली की चढत जाणारी बारीक शिट्टीसारखी कुईं ऐकू आली तर ती गाडी तिथेच सोडा.

मर्सिडीज ई-क्लासची डब्ल्यू२११ ही २००२ ते २००९ ची पिढी आता फार स्वस्तात दिसते. तिच्यात २००६ च्या फेसलिफ्टपर्यंत एसबीसी नावाची इलेक्ट्रो-हायड्रॉलिक ब्रेक यंत्रणा होती. तिचं युनिट ब्रेक किती वेळा दाबला याचा हिशेब ठेवतं आणि ठरलेला आकडा भरला की बदलायला सांगतं. नंतरच्या गाड्यांत साधे ब्रेक आहेत, तेव्हा घ्यायचीच तर नंतरची. त्याच काळातल्या एम२७२ व्ही६ पेट्रोलच्या सुरुवातीच्या इंजिनांत बॅलन्स शाफ्टचं गिअर झिजायचं आणि ते काम म्हणजे इंजिन खाली उतरवणं. त्यानंतरच्या डब्ल्यू२१२ पिढीत १.८ लिटरचं एम२७१ दिसलं तर टायमिंग चेन आणि कॅमशाफ्ट ॲडजस्टर बदलल्याची पावती मागा.

ऑडी ए६ मध्ये पुढच्या चाकांना चालवणाऱ्या बऱ्याच गाड्यांना मल्टिट्रॉनिक हा सीव्हीटी, म्हणजे ठरलेल्या पायऱ्या नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. कंपनीने तो २०१४ मध्ये बंद केला आणि मीही तो कोणाला सुचवत नाही. २००८ ते २०११ च्या सुमाराच्या २.० टीएफएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिनांनी पिस्टन रिंगमुळे ऑइल पिण्याचा मोठा त्रास दिला. स्कोडा सुपर्ब जागेच्या बाबतीत या सगळ्यांना भारी आहे, मागे आई-वडील पाय पसरून बसतील. पण दुसऱ्या पिढीच्या १.८ टीएसआय टर्बो पेट्रोलसोबतचा ७ स्पीड डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) हा कोरड्या क्लचचा आहे आणि शहरातल्या रांगत्या ट्रॅफिकमध्ये त्याचे क्लच आणि मेकाट्रॉनिक लवकर थकतात. ६ स्पीडचा ओल्या क्लचचा डीएसजी त्याहून पुष्कळ टिकाऊ, मात्र त्याचं ऑइल दर ६०,००० किलोमीटरला बदललेलंच हवं.

जपानी गाड्यांतही दोष आहेत. २००६ नंतरच्या कॅमरीतलं २.४ लिटर २एझेड-एफई इंजिन ऑइल पिण्यासाठी बदनाम आहे. त्याच्यानंतरचं २.५ लिटर तसं नाही. अकॉर्डच्या २००८ ते २०१२ च्या २.४ मध्ये थंड इंजिन सुरू करताना सेकंदभर कर्रर्र असा आवाज येतो. तो कॅमशाफ्टचं टायमिंग बदलणाऱ्या व्हीटीसी ॲक्चुएटरचा असतो आणि तो भाग बदलून काम भागतं. अकॉर्ड व्ही६ ला टायमिंग बेल्ट आहे, चेन नाही, तेव्हा बेल्ट कधी बदलला ते विचारायला विसरू नका.

हायब्रिड कॅमरीची शिफारस मी का करतो, हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बॅटरीच्या भीतीने लोक चांगल्या गाड्या सोडून देतात. २०१२ च्या सुमारास आलेल्या त्या पिढीत २.५ लिटरचं टर्बो नसलेलं इंजिन आहे. स्टार्टर मोटर नाही, अल्टरनेटर नाही, एसीचा कंप्रेसर आणि वॉटर पंप दोन्ही विजेवर चालतात. ज्याला ई-सीव्हीटी म्हणतात त्यात पट्टा नाही, टॉर्क कन्व्हर्टर नाही, घासणारा क्लचही नाही. प्लॅनेटरी गिअर आणि दोन मोटर-जनरेटर, एवढंच. म्हणजे इतर ऑटोमॅटिक गाड्यांत जे भाग झिजून खर्चात पाडतात ते इथे मुळात नाहीतच. शहरात ब्रेकचं बरंच काम मोटर करते, त्यामुळे पॅडही खूप टिकतात. तुमच्या रोजच्या छोट्या फेऱ्यांना हीच रचना सोसते.

बॅटरी निकेल-मेटल हायड्राइडची आहे आणि ती तपासता येते. साध्या ओबीडी ॲडॉप्टरवर (गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटला लावायचं उपकरण) आणि मोबाइलच्या ॲपवर तिच्या एकेका ब्लॉकचं व्होल्टेज दिसतं. गाडी चालवताना जोरात ॲक्सिलरेटर द्यायचा आणि बघायचं: सगळे ब्लॉक एकत्र खाली येऊन एकत्र वर जातात, की एखादाच बाकीच्यांपेक्षा खोल पडतो. एकटा पडणारा ब्लॉक म्हणजे बॅटरीचा खर्च जवळ आला. मागच्या सीटजवळ बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची हवा आत घेणारी जाळी असते. तिथे धूळ आणि केस अडकलेले असतील तर बॅटरी वर्षानुवर्षं गरम राहिलेली आहे. आणखी एक: गाडी उभी असताना, ब्रेक न दाबताही ब्रेकच्या पंपाचा घुर्र असा आवाज दर थोड्या वेळाने येत असेल तर ब्रेक ॲक्चुएटर दाब धरत नाही. तो महाग भाग आहे.

गाडी बघायला जाताना मी एकच अट घालतो: मी येईपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. पोचल्यावर पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवतो. गरम लागलं तर पुन्हा सकाळी येतो, कारण चेनची खडखड, टॅपेटचा आवाज, निळा धूर हे सगळं पहिल्या दहा सेकंदांतच कळतं. इंजिन चकचकीत धुतलेलं असेल तर मला आनंद होत नाही. मग अर्धा तास गाडी चालवून पुन्हा बोनेट उघडून गळती शोधावी लागते.

त्यानंतर गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर. नुसता "एरर नाही" हा निकाल पुरेसा नाही. एकदा अशीच एक देखणी सेडान समोर होती, डॅशबोर्डवर एकही दिवा नव्हता आणि विक्रेता निश्चिंत होता. स्कॅनरवर कोड शून्य होते, पण "कोड पुसल्यापासूनचे किलोमीटर" या रकान्यात जेमतेम चार किलोमीटर दिसत होते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर यांच्या चाचण्या सगळ्या अपूर्ण. म्हणजे आदल्या दिवशी कोणीतरी मेमरी पुसली होती. मी विक्रेत्याला म्हटलं, दोन-तीन दिवस वापरा, मग पुन्हा बघू. पुढच्या वेळी इंजिनाचा दिवा लागलेला होता आणि कन्व्हर्टर संपल्याचा कोड हजर होता. या दोन्ही गोष्टी बऱ्याच साध्या स्कॅनरवर दिसतात. तुम्ही स्वतः बघू शकता.

मीटर मागे फिरवलेलं असेल तर ते गाडीच्या इतर भागांतून कळतं. चालकाच्या सीटची बाहेरची कड, स्टिअरिंगची वरची बाजू, ब्रेक पॅडलचं रबर यांची झीज सत्तर हजारांना शोभणारी आहे का ते बघा. पॅडलचं रबर नवंकोरं असेल तर तेही शंकास्पद. बऱ्याच युरोपीय गाड्यांत किलोमीटरची नोंद डॅशबोर्डशिवाय इतर कंट्रोल युनिटमध्येही असते आणि चांगला स्कॅनर ती वाचतो.

पाणी शिरलेली गाडी या वर्गात खास धोक्याची, कारण बऱ्याच मॉडेल्समध्ये कंट्रोल युनिट्स कार्पेटखाली, सीटखाली किंवा डिकीच्या कोनाड्यात असतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, टोकाला चिखलाची रेघ राहिलेली असते. सीटच्या रेल्सचे बोल्ट गंजलेत का ते बघा. पूर नसला तरी सनरूफच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या कचऱ्याने तुंबल्या की पाणी छतातून थेट कार्पेटखाली उतरतं. चारही पायांजवळ कार्पेट तळहाताने जोर लावून दाबा. खालचा फोम ओलसर लागला किंवा कुबट वास आला तर पुढचं काही तपासायची गरज नाही.

रंगाची जाडी मोजण्याचं मीटर असेल तर उत्तम. कंपनीचा रंग साधारण ८० ते १८० मायक्रॉनच्या दरम्यान भरतो. एखादं दार ३०० च्या वर गेलं तर तिथे पुन्हा रंग किंवा पुट्टी आहे. दाराला पुट्टी असणं मी फार मनाला लावून घेत नाही. छताला किंवा दरवाजांमधल्या खांबांना असेल तर मात्र गाडी नको.

चालवताना गिअरबॉक्सकडे लक्ष द्या. थंड असताना रिव्हर्समध्ये टाकल्यावर गाडी दोन सेकंद विचार करत असेल, किंवा ६० ते ८० च्या वेगात हलक्या पायाने चालवताना खडबडीत रस्त्यावर असल्यासारखी थरथर येत असेल, तर काम जवळ आलंय. अनेक कंपन्या ऑटोमॅटिकचं ऑइल आयुष्यभराचं म्हणतात. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान ते बदलायला सांगते. मी बनवणाऱ्याचं ऐकतो.

एअर सस्पेन्शन या बजेटमध्ये टाळा. रात्रभर उभी राहिल्यावर एक कोपरा खाली बसलेला दिसला तर त्या बाजूची हवा गळते आहे, आणि ती भरत बसून कंप्रेसरही जळतो. साध्या स्प्रिंगची गाडी शोधा. तसंच मसाज सीट, उघडं होणारं काचेचं छत, आपोआप मिटणारी दारं यांच्यासाठी जास्त पैसे मोजू नका. त्याच मॉडेलची कमी सुविधांची गाडी जास्त सुखात ठेवते. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चार टायर चार कंपन्यांचे असतील तर मालकाने बाकी खर्चही असाच केला असणार.

सौदा ठरण्याआधी चॅसी नंबरवरून रिकॉल (कंपनीने दोष दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावणं) तपासा. टकाटा कंपनीच्या एअरबॅगचा रिकॉल होंडा, टोयोटा, बीएमडब्ल्यूसह अनेक कंपन्यांच्या जगभरातल्या गाड्यांना लागू झाला. इन्फ्लेटरमधलं अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणाने बिघडतं आणि एअरबॅग फुटताना धातूचे तुकडे उडतात. बीएमडब्ल्यूने २०१८ मध्ये डिझेल गाड्यांचे ईजीआर (धूर पुन्हा इंजिनात फिरवणारी यंत्रणा) कूलर आग लागण्याच्या धोक्यामुळे परत बोलावले. रिकॉलची दुरुस्ती अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मोफत होते, पण मालक बदलला की कंपनीची पत्रं जुन्या पत्त्यावर जातात आणि काम राहून जातं. आई-वडील त्या गाडीत बसणार आहेत, हे आधी करून घ्या.

गाडी घरी आली की राखलेल्या पैशातून पहिल्याच महिन्यात इंजिन ऑइल, गिअरबॉक्सचं ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइड आणि सगळे फिल्टर बदला. आधीच्या मालकाने बदललंय असं तोंडी सांगितलं तरी बदला. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं, ते दर दोन वर्षांनी जातंच. साधी १२ व्होल्टची बॅटरी म्हातारी असेल तर तीही बदलून टाका, कमी व्होल्टेजवर या गाड्या नसलेले बिघाड दाखवतात. बीएमडब्ल्यूत नवी बॅटरी बसवल्यावर स्कॅनरने तिची नोंद करावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशेबाने चालू राहतं. मग ऑइलची पातळी पहिल्या दिवशी, ५०० किलोमीटरला आणि १,००० किलोमीटरला लिहून ठेवा. काही कंपन्या हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल लागणंही चालण्यासारखं मानतात, मी मानत नाही. एवढं ऑइल कमी झालं तर आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या आत साठणारे वायू बाहेर काढणारा) तपासा, तो स्वस्त आहे, आणि पिस्टन रिंगचा विषय त्यानंतरच काढा.